बायोडेटात तुमचं काम दिसू द्या

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात माझी नोकरी झाली. जाहिरात निघाली की आधी टपालानं आणि पुढे मेलनं येणाऱ्या बायोडेटांची पहिली छाननी माझ्याच टेबलावर व्हायची. आता निवृत्त आहे, पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणाचा मुलगा, कुणाची भाची, कुणाची सून मोबाइलमध्ये रेझ्युमे घेऊन येतच असते. "मावशी, जरा बघता का? पन्नास ठिकाणी टाकला, फोनच येत नाही."

बघते, तर बहुतेकांचं दुखणं एकच. पोरगं काम चांगलं करतं, पण कागदावर त्या कामाचा पत्ता नाही. कागदावर आहे मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर. वडिलांचं पूर्ण नाव आहे. छंद आहेत, गाणी ऐकणे आणि क्रिकेट पाहणे. एकाच्या बायोडेटात तर उंची आणि गोत्रसुद्धा होतं. लग्नासाठी केलेल्या फाइलवरच नोकरीचं लिहून काढलं होतं त्यानं.

वाचणारा काय शोधतो ते आधी सांगते. आमच्याकडे कागद दोन हातांतून जायचा. पहिला हात माझा. कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, ते काम याने आधी कधी केलंय का, आणि हा रुजू कधी होऊ शकेल, एवढंच मी बघायचे. मी बाजूला काढलेला गठ्ठा मशीन शॉपच्या साहेबांकडे जायचा. शिफ्ट बदलायच्या वेळी ते ऑफिसात यायचे आणि उभ्या उभ्याच पानं उलटायचे. पहिल्या पानाच्या वरच्या भागावर त्यांची नजर पडायची. बाकीचा मजकूर वाचला जायचा तो मुलाखतीला बोलावलेल्यांचाच. आता गठ्ठ्याच्या जागी स्क्रीन आली, पण घाई तीच आहे.

तेव्हा टेम्प्लेट उघडून बसू नका. आधी एक वही घ्या आणि मराठीत लिहा. सकाळी कार्ड पंच केल्यापासून घरी निघेपर्यंत तुम्ही काय काय करता, कशावर करता, कुणाला देता, चुकलं तर कोण ओरडतं. मराठीत अशासाठी, की इंग्रजीत लिहायला बसलं की पहिला शब्द 'रिस्पॉन्सिबल' येतो आणि पुढे काही सुचत नाही. रेझ्युमे शेवटी इंग्रजीतच जाणार आहे, पण तो या वहीतून जाऊ दे. मी खाली ज्या ओळी देते आहे त्या मराठीत आहेत. त्या तुम्ही सोप्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत न्यायच्या.

आमच्या गल्लीतल्या एका आयटीआय झालेल्या मुलाचं उदाहरण घ्या. चार वर्षांच्या अनुभवापुढे त्यानं लिहिलं होतं, 'मशीन शॉपमध्ये काम केले.' मी विचारत गेले. मशीन कोणतं? व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, धातू कापणारं संगणकी मशीन. त्याचा कंट्रोल कोणत्या कंपनीचा? फॅनुक. प्रोग्रॅम कोण करतं? "इंजिनिअर देतात, पण टूलच्या मापाचे ऑफसेट मीच टाकतो, आणि छोटा फेरफार असला तर तोही मीच करतो." माल कोणता? "व्हॉल्व्हच्या बॉडी. डब्ल्यूसीबीच्या म्हणजे कार्बन स्टीलच्या, आणि सीएफ८एमच्या म्हणजे स्टेनलेसच्या. दोन इंचांपासून आठ इंचांपर्यंत." माप कशानं घेतोस? व्हर्निअर, मायक्रोमीटर, आणि भोकाचा व्यास मोजायला बोअर गेज. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती? "सीटच्या बोअरला ०.०२ मिलिमीटर." जॉब सेटिंग? "माझं मीच. नवीन आलेल्या दोघांनाही मीच शिकवलं."

हे सगळं त्याच्या तोंडात होतं आणि कागदावर चारच शब्द होते. मग आम्ही लिहिलं:

'फॅनुक कंट्रोल असलेल्या व्हीएमसीवर २ ते ८ इंची व्हॉल्व्ह बॉडींचं मशिनिंग, डब्ल्यूसीबी आणि सीएफ८एम. जॉब सेटिंग, टूल ऑफसेट आणि प्रोग्रॅममधले किरकोळ बदल स्वतः करतो. सीट बोअर ०.०२ मिमी टॉलरन्समध्ये, बोअर गेजनं तपासणी. दोन नव्या ऑपरेटरना सेटिंग शिकवलं.'

यात स्वतःचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही. पण सीएफ८एम वाचलं की साहेबांना कळतं, हा स्टेनलेस स्टील कापून आलेला आहे. टूल किती लवकर झिजतं ते याला सांगावं लागणार नाही. बोअर गेज वाचलं की कळतं, याला माप घेता येतं. मेहनती आहे की नाही हे ते मुलाखतीत दहा मिनिटांत ओळखतात, त्यासाठी त्यांना तुमचं प्रमाणपत्र नको असतं.

ऑफिसच्या कामालाही हीच रीत. कारेलीबागेतली एक सून एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. तिनं लिहिलं होतं, 'टॅली आणि जीएसटीचे ज्ञान.' ज्ञान तर सगळ्यांनाच असतं! तिला विचारलं, महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, कोण भरतं? ती. २० तारखेचं ३बी, म्हणजे महिन्याच्या कराचं विवरणपत्र? तीच तयार करते, सीए फक्त नजर घालतात. खरेदीची बिलं २बीशी, म्हणजे सप्लायरांनी चढवलेल्या बिलांच्या यादीशी, कोण जुळवतं? ती. एखाद्या सप्लायरनं बिल चढवलं नसेल तर? "मी फोन करून मागे लागते, नाहीतर खरेदीवर भरलेल्या कराचं आमचं क्रेडिट अडकतं." हेच तर वाक्य लिहायला हवं होतं. ई-वे बिल, बँक रिकन्सिलिएशन, महिन्याला साधारण किती बिलं, किती माणसांचा पगार, हे सगळं चार ओळींत बसलं. २बीशी बिलं जुळवणारी बाई आणि टॅलीत नुसती एन्ट्री मारणारी बाई यांच्या पगारात फरक असतो, आणि तो फरक कागदावर तुम्हीच दाखवायचा असतो.

आता बडोद्याची एक खास गोष्ट, कारण इथे फार जणांचा घोटाळा होतो. आपल्याकडची कितीतरी मुलं कोयलीच्या रिफायनरीत, नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये काम करतात, पण पगार कॉन्ट्रॅक्टर देतो. रेझ्युमेत मात्र मोठ्या कंपनीचं नाव टाकून मोकळी होतात. पुढची कंपनी पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खात्याचा नंबर, मागते. त्यात कोणत्या मालकाकडे कधी लागलात आणि कधी सोडलं, सगळं दिसतं, आणि तिथे नाव कॉन्ट्रॅक्टरचं असतं. झालं, माणूस खोटारडा ठरला. यात लपवण्यासारखं काहीच नाही. कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहा, त्याखाली 'साइट : कोयली रिफायनरी' असं लिहा आणि मग काम. शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, काम केलं असेल तर कोणत्या युनिटचा, किती दिवसांचा, तुमच्या हाताखाली किती माणसं होती, ते लिहा. वाचणाऱ्याला साइटवरच्या शिस्तीचा आणि वर्क परमिटच्या पद्धतीचा अनुभव हवा असतो, पगाराचा चेक कुणाचा होता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

अप्रेंटिसशिपचंही तसंच. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही, आणि त्याचा पीएफही कापला जात नाही. म्हणून ते वर्ष नोकरी म्हणून दाखवू नका, अप्रेंटिसशिप म्हणूनच दाखवा. चांगल्या कारखान्यात काढलेलं ते एक वर्ष पाहणाऱ्याला चांगलंच दिसतं.

तारखा महिना आणि वर्ष अशा लिहा. नुसतं '२०२१–२०२३' लिहिलं तर ते चौदा महिने असू शकतात किंवा पस्तीस, आणि वाचणारा चौदाच धरतो. मध्ये खंड असेल तर एका ओळीत कारण द्या. आईचं आजारपण, बाळंतपण, कोविडमध्ये बंद पडलेलं युनिट, काहीही असो, सरळ लिहिलेल्या कारणावर आमच्याकडे कुणी अडून बसलेलं मला आठवत नाही. जोडून-ताणून बसवलेल्या तारखांवर मात्र माणसं परत गेली.

खंडाच्या काळात घरी होते म्हणून काहीच केलं नाही असं बायका फार पटकन म्हणतात. एक जण सात वर्षांनी पुन्हा नोकरीला निघाली होती. त्या वर्षांत ती सोसायटीच्या गणेशोत्सवाचा हिशेब बघत होती. वर्गणीच्या पावत्या, मंडपवाल्याचा आगाऊ, शेवटी सभेत ताळेबंद. शिवाय दहावीच्या मुलांना गणित शिकवत होती. दोन्ही गोष्टी लिहायला लावल्या. ज्या शाळेत ती आता ऑफिसात आहे तिथे मुलाखतीत बराच वेळ त्या ताळेबंदावरच बोलणं झालं म्हणे.

नव्याने पास झालेल्यांनी शिक्षण वर आणायचं आणि प्रोजेक्टला जागा द्यायची. पण प्रोजेक्टचं नुसतं नाव नको. चार जणांचा प्रोजेक्ट असेल तर त्यात तुमच्या वाटचं काय होतं ते लिहा. ड्रॉइंग काढलं, मोटर निवडली, वेल्डिंग करून घेतलं, की फक्त रिपोर्ट टाइप केला? रिपोर्ट टाइप केला असेल तर वर्कशॉपच्या नोकरीसाठी तो प्रोजेक्ट एका ओळीतच राहू द्या. इन-प्लांट ट्रेनिंगमध्ये काय पाहिलं यापेक्षा कशाला हात लावला ते महत्त्वाचं. विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा. एमएसयू म्हटलं की बडोद्यात पोराटोराला कळतं, पण पुण्यातल्या किंवा चेन्नईतल्या एचआरला कळेलच असं नाही. महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा, असं एकदा तरी येऊ द्या. सीजीपीए देत असाल तर तो कितीपैकी तेही द्या.

काही जागा अशा असतात की कागदाशिवाय माणूस उभाच करता येत नाही. बॉयलर अटेंडंट, वायरमन, वेल्डर. तुमच्याकडे तसलं प्रमाणपत्र किंवा परवाना असेल तर तो शिक्षणाच्या तळाशी पुरू नका. नावाच्या खाली, पहिल्याच ओळीत आणा. वेल्डरनं प्रोसेस आणि पोझिशन दोन्ही लिहावीत, म्हणजे प्रोसेस टिग, पोझिशन ६जी, आणि कोणत्या मटेरिअलवर तेही. टेस्ट कधी दिली आणि कुठवर वैध आहे तेही.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. हल्ली कुणीतरी सांगतं, रेझ्युमेत टक्केवारी टाका. मग बावीस वर्षांचा मुलगा लिहितो, 'उत्पादन ३५ टक्क्यांनी वाढवले.' आमचे साहेब अशा ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारायचे आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच. आधी किती होतं? कुणी मोजलं? तू नेमकं काय बदललंस? उत्तर देता येत असेल तर आकडा जरूर लिहा, त्यासारखं दुसरं काही नाही. 'फिक्स्चर बदलल्यावर एका शिफ्टला १८ ऐवजी २२ जॉब निघू लागले' असं सांगता आलं तर साहेब खुर्चीत पुढे सरकतात. देता येत नसेल तर किती मशीन, किती माणसं, किती बिलं, किती गावांची डीलरशिप असे साधे आकडे द्या. तेवढे पुरतात.

आता वरचा भाग. नाव, एक मोबाइल नंबर, नावाशी जुळणारा मेल, आणि राहण्याचा परिसर. वाड्याचा पूर्ण पत्ता नको. त्याच्याखाली पूर्वी 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' असायचं, एखाद्या नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांचा वगैरे वगैरे. ते काढून टाका. त्या जागी दोन ओळींत तुम्ही कोण ते सांगा: 'व्हीएमसी सेटर-ऑपरेटर, ४ वर्षं, व्हॉल्व्ह बॉडी. शिफ्टची तयारी, सावली-हालोलपर्यंत जाऊ शकतो, एका महिन्यात रुजू.' सावली आणि हालोल ही बडोद्याबाहेरची कारखान्यांची गावं, हालोल तर चाळीसेक किलोमीटर आहे. बसचा पॉइंट कळला की उद्या नाही म्हणणारे उमेदवार आम्ही फार पाहिले, म्हणून ही ओळ वाचणाऱ्याला दिलासा देते. अर्थात खरोखर जाणार असाल तरच लिहा.

काय काढायचं? वडिलांचं नाव, धर्म, जात, लग्न झालंय की नाही, आणि शेवटचं ते 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र, सहीच्या रेघेसकट. फोटो मागितला असेल तरच. आधार आणि पॅनचा नंबर कधीच नाही, तुमची फाइल कुठे कुठे फिरते हे तुम्हाला ठाऊक नसतं. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तर मेलमध्ये लिहा, रेझ्युमेत नको. सरकारी, बँकेच्या, रेल्वेच्या भरतीला त्यांचाच फॉर्म असतो, तिथे यातलं काही लागत नाही.

भाषेची ओळ मात्र ठेवा, आणि नीट लिहा. आपण बडोद्याचे मराठी लोक मराठी, गुजराती, हिंदी सहज बोलतो आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायचं सुचत नाही. सेल्स, स्टोअर, पर्सोनेल, हॉस्पिटलचा रिसेप्शन काउंटर, या जागांना गुजराती वाचता-लिहिता येणं लागतंच. पुण्या-मुंबईशी व्यवहार असलेल्या कंपनीला तुमची मराठी उपयोगी पडते. कोणती भाषा लिहिता येते आणि कोणती फक्त बोलता, एवढा फरक दाखवा.

लांबी? अनुभव दहा वर्षांच्या आत असेल तर एक पान. शटडाउनवाल्यांना आणि प्रोजेक्टवाल्यांना दोन, त्याहून जास्त कुणालाच नको.

पोर्टलवर टाकायच्या रेझ्युमेची मांडणी साधी ठेवा. डाव्या बाजूला रंगीत पट्टा, गोल फोटो, कौशल्यांपुढे पाचपैकी चार चांदण्या, असली टेम्प्लेट दिसायला झकास असतात, पण दोन रकान्यांचा मजकूर संगणक कधी कधी आडवा वाचतो आणि नोकरीची तारीख छंदांत जाऊन बसते. तपासायचा सोपा उपाय आहे. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे तो सरळ क्रमानं वाचता आला तर मशीनलाही बहुधा वाचता येईल. एचआरवाले पोर्टलवर शब्द टाकून शोधतात, म्हणून जाहिरातीत जो शब्द आहे तोच तुमच्याही कागदात असू द्या. जाहिरातीत 'व्हर्टिकल मशिनिंग सेंटर' असेल आणि तुम्ही फक्त 'व्हीएमसी' लिहिलं असेल, तर एकदा दोन्ही लिहा. जे काम कधी केलंच नाही त्याचा शब्द घुसवू नका. शोधात सापडाल, मुलाखतीत अडकाल.

हल्ली मुलं एआयकडून रेझ्युमे लिहून आणतात. इंग्रजी सुधारून घ्यायला माझी हरकत नाही, मीही तेच सुचवते. पण आधी वहीतल्या ओळी त्याला द्या, आणि त्यानं आपल्या पदरची भर घातली असेल ती काढा. गेल्या महिन्यात दोन वेगवेगळ्या मुलांचे कागद माझ्याकडे आले, एक नर्सिंगचा आणि एक इलेक्ट्रिशियनचा, आणि पहिला परिच्छेद जवळजवळ सारखाच! तो वाचून दोघांपैकी कुणाबद्दलच काही कळत नव्हतं.

पाठवणं. फाइलचं नाव 'रेझ्युमे न्यू फायनल २' नको. तुमचं नाव आणि पद, बस्स. मेलच्या विषयात जागेचं नाव. मेलच्या आत तीन ओळी.

बडोद्यात अजूनही बऱ्याच नोकऱ्या ओळखीतून लागतात, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. पण ओळखीच्या काकांना नुसती पीडीएफ पाठवून 'काका प्लीज बघा ना' असं लिहिलं तर काका ती कुणाला पाठवणार? त्यांना जसाच्या तसा पुढे ढकलता येईल असा मजकूर द्या:

'नमस्कार काका. तुमच्या कंपनीत क्वालिटीत माणूस हवा आहे असं कळलं. मी तीन वर्षं व्हॉल्व्हच्या इन्स्पेक्शनमध्ये आहे, एपीआय ५९८ प्रमाणे हायड्रो टेस्ट घेतो आणि रिपोर्ट स्वतः बनवतो. एक महिन्याची नोटीस आहे. रेझ्युमे सोबत जोडला आहे. योग्य वाटलं तर क्वालिटीच्या साहेबांना पाठवाल का?'

एपीआय ५९८ म्हणजे व्हॉल्व्हच्या चाचणीचं मानक, क्वालिटीवाल्यांना ते लगेच कळतं. काकांनी दोन ओळी वाचल्या, पुढे पाठवलं, काम झालं. साहेबांनाही पीडीएफ उघडण्याआधीच कळलं की उघडावी की नाही.

पाठवण्याच्या आधी एक परीक्षा घ्या. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, ज्याला तुमच्या कामातलं काही कळत नाही असं माणूस चांगलं. त्यानं एकेक ओळ वाचायची आणि "म्हणजे काय केलंस?" असं विचारायचं. ज्या ओळीवर तुम्ही अडखळाल ती ओळ एक तर दुरुस्त करा, नाहीतर खोडा.

कुठे कोणता रेझ्युमे पाठवला, कोणत्या जागेसाठी, कोणत्या तारखेला, हे त्याच वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. फोन येतो तेव्हा समोरची बाई कंपनीचं नाव भरभर सांगते आणि आपण शिफ्टच्या बसमध्ये असतो. "दोन मिनिटांत मी फोन करू का?" असं विचारलेलं चालतं. वही बघायची आणि मग फोन लावायचा. मुलाखतीला जाताना दोन छापील प्रती न्या. एचआरकडे तुमची फाइल असते, पण प्रश्न विचारणाऱ्या साहेबांच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसतं.